सुलूकाकूंचा दुसरा खुंटा

केळव्याच्या सुलूकाकू घराला कुलूप लावायच्या तेव्हा बघणाऱ्याचा जीव जायचा. किल्ली फिरवायची, कुलूप ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरायच्या. परत वर चढायचं, पुन्हा ओढायचं. मग अंगण ओलांडून फाटकापर्यंत यायचं, "थांब हं जरा" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा जाऊन ओढायचं. मी त्यांना पहिल्यांदा न्यायला गेले त्या दिवशी बाहेर प्रदीपची रिक्षा धडधडत उभी होती, बोईसरला ऑफिसात मितेश सर येरझारा घालत होते, आणि ही बासष्ट वर्षांची बाई निवांतपणे तिसऱ्यांदा कुलूप ओढत होती. मी स्वभावानं आधीच चिडकी. मनात म्हटलं, झालं, ह्यांच्या हातून आपलं काम होतंय!

काम काय होतं ते आधी सांगते.

मी हेतल, नागझरीची. बोईसरला एका छोट्या ऑफिसात प्रोग्रॅमर आहे. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली चहाची टपरी, आणि टपरीवर पाळी संपवून आलेल्या कामगारांची हिंदी. मूळ कंपनी मुंबईची. पालघरकडच्या पोरांना रोज तिकडे ओढण्यापेक्षा इथेच बसवावं म्हणून त्यांनी ही शाखा काढली. माझ्या मैत्रिणी मोबाइलची ॲप बनवतात. माझ्या वाट्याला मेनफ्रेम आलं. म्हणजे बँका आणि विमान कंपन्या वर्षानुवर्षं वापरतात ती अवाढव्य यंत्रं. ती परदेशात असतात, आपण इथल्या पडद्यावरून त्यांना कामं सांगायची. त्यातही मला मिळाली असेंब्ली, यंत्राला एकेक पाऊल सांगायची भाषा. हे उचल, तिथे ठेव, आता त्यात एक मिळव. "कोण घेतंय?" असं सरांनी विचारल्यावर सगळे आपापल्या चपला बघायला लागले, आणि असल्या वेळी मला हात वर केल्याशिवाय राहवत नाही.

सोमवारी एक प्रोग्रॅम आला. परदेशातल्या एका विमान कंपनीचा, बॅगा लावायचा. प्रवाशाची बॅग कुठल्या पट्ट्यावरून कुठल्या विमानात जायची ते तो ठरवतो. धुकं किंवा बर्फ पडून एखादा विमानतळ बंद झाला तर बॅगा कुठे वळवायच्या, त्या पर्यायी शहरांची एक यादी त्याच्या शेवटी होती. तिच्यात चाळीस नवी शहरं घालायची आणि शुक्रवारी दुपारी प्रोग्रॅम परत द्यायचा, एवढंच. मी म्हटलं, हे तर डाव्या हाताचं काम. चाळीस शहरं टाइप केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर सतरा चुका. सतराच्या सतरा एकाच मजकुराच्या: इथून त्या जागेपर्यंत पोचता येत नाही.

मंगळवारी दिवसभर मी त्या सतरा चुकांशी भांडले. भांडता भांडता प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पोचले. तिथे दोन ओळी होत्या. रजिस्टर म्हणजे यंत्राच्या अगदी हाताशी असलेला, एक आकडा ठेवायचा खण. एका ओळीत कुणीतरी अशा खणात चार हजार पंचाण्णव मिळवले होते आणि लगेच खालच्या ओळीत आणखी एक. मला हसूच आलं. सरळ चार हजार शहाण्णव मिळवा की! मी तसं करून बघितलं तर यंत्र म्हणालं, एवढा आकडा चालत नाही. बरं बाबा, म्हणून वरची ओळ पूर्वीसारखी केली, आणि खालची, एक मिळवणारी, उडवून टाकली. एकानं काय बिघडतंय? यंत्रानं हूं की चूं केलं नाही. सतराच्या अठरा चुका झाल्या नाहीत म्हणून मी स्वतःवरच खूश. माझ्या कॉपीतच करत होते सगळं, मूळ प्रोग्रॅम वेगळा सुरक्षित होता, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि मग माझी नजर नावांवर गेली. असेंब्लीत प्रोग्रॅमच्या महत्त्वाच्या जागांना नावं द्यावी लागतात. लोक देतात आपली रुक्ष, सुरुवात, भाग दोन, वगैरे. इथे पहिल्या जागेचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं माहीम. दुसरीचं होतं केळवे.

मी खुर्चीवरून उठलेच. "सर! केळवे!"

मितेश सर आमचे साहेब, वय पस्तीस, राहणार माहीम. आपलं, पालघरचं माहीम. ते धावत आले, वाकून बघितलं आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "माहीम! अगं, आमचं माहीम!" खालून टपरीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ? आग लगी क्या?" आम्ही दोघं नुसते हसत सुटलो. समुद्रापलीकडे कुठेतरी रोज हजारो बॅगा माहीम-केळव्यावरून जात होत्या आणि तिथल्या एकाही गोऱ्या साहेबाला त्याचा पत्ता नव्हता.

सगळ्यात वर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती, एस. आर., मार्च १९८९. सरांनी कपाळावर हात मारला. "सुलू राऊत! केळव्याच्या सुलूकाकू. आई म्हणते, त्या पूर्वी मुंबईला कॉम्प्युटरवर होत्या. आम्हाला वाटायचं, टायपिंग करत असतील."

सरांनी आणखीही एक सांगितलं. केळव्याच्या महिला मंडळानं सुलूकाकूंना तीनदा अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली होती. तिन्ही वेळा त्यांचं एकच उत्तर, माझ्या हातून ओळ सुटते, मला नको. कसली ओळ ते कुणालाच कळलं नव्हतं.

सरांनी मुंबईला फोन केला आणि परवानगी काढली. बाईंनी सल्लागार म्हणून ऑफिसात यायचं, इथल्याच पडद्यावर बघायचं, कागद बाहेर जाणार नाही. बुधवारी सकाळी मी केळव्यात हजर.

घरामागे वाडी. उंच सुपाऱ्या, खाली पानवेली, मधून पाण्याचा पाट. काकू ओट्यावर बसून विड्याची पानं मोजत होत्या आणि जुड्या बांधत होत्या. त्यांचे यजमान, कृष्णकांतकाका, शेजारी नारळ सोलत होते. मी कोण, कुठली, ते सांगितलं आणि एकदम विषयाला हात घातला. "काकू, एकोणनव्वद साली विमानाच्या बॅगांचा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलेला का?"

त्यांचं मोजणं थांबलं. "तो अजून हाय?"

"आहे म्हणजे? रोज चालतो. चोवीस तास."

"बंद नाय केला?"

"नाही हो! माहीम आणि केळवेसुद्धा तसंच आहे."

त्या खुदकन हसल्या. बासष्टच्या एकदम सव्वीसच्या दिसायला लागल्या. "आमचा साहेब इचारायचा, हे केळवे काय हाय? मी सांगितलं, जुना इंग्लिश शब्द हाय सर. तो मान डोलवून गेला!" आणि हसता हसता चेहरा उतरला. पुन्हा पानं मोजायला लागल्या. "मी नाय येणार. तो प्रोग्रॅम मी सोडला तो सोडला."

"का?"

काकूंनी हातातल्या जुडीला गाठ मारली. काकांनीच नारळ खाली ठेवला. "सांग की गो. तेहतीस वर्सं आमालाच सांगतेस, तिला पण सांग."

मग त्यांनी सांगितलं. पालघरच्या कॉलेजात गणित घेऊन बी. एस्सी. केलं. अंधेरीच्या एका कंपनीत परीक्षा देऊन लागल्या. आठवडाभर मावशीकडे राहायचं आणि रविवारी केळव्याला यायचं. चाळीस जणांत बाई ही एकच. तो प्रोग्रॅम त्यांनी एकटीनं लिहिला आणि अडीच वर्षांवर तो सुरळीत चालला. एक्याण्णवच्या डिसेंबरात तिकडे जोराचा बर्फ पडला, विमानतळ बंद झाला, आणि पर्यायी शहरांची यादी पहिल्यांदाच वापरायची वेळ आली. तीनशे चाळीस बॅगा बेवारस म्हणून एका गोदामात जाऊन पडल्या.

"कोण लग्नाला निघालेलं, कुणाच्या बॅगेत औषधं," काकू म्हणाल्या. "साहेबांनी बोलावलं, सगळ्यांच्या देखत एका पानाची झेरॉक्स पुढ्यात ठेवली. एक ओळ नव्हती. मी म्हटलं, मला वाटतं मी लिवली होती. ते म्हणाले, वाटतं? मंग कुठे हाय? काय बोलणार? छापलेलं समोर होतं."

त्यांनी माफीचं पत्र लिहिलं आणि नोकरी सोडली.

"तेव्हापासून हिचं असं," काका म्हणाले. "कुलूप तीनदा, ग्यास तीनदा. भाजीत मीठ घातलं का मला इचारते."

"मला दुसरं काय नको," काकू म्हणाल्या. "ती ओळ मी लिवली होती का नाय, एवढंच कळायला पायजे होतं. पण कोण सांगणार आता?"

मला भयंकर वाईट वाटलं. पण मला शुक्रवारही दिसत होता. मी म्हटलं, "काकू, ते मला माहीत नाही. पण माझ्या सतरा चुका निघत नाहीयेत, आणि ती यादी वाढली नाही तर पुढच्या बर्फात पुन्हा बॅगा अडकतील. एवढं तरी बघून जा."

काका म्हणाले, "जा गो. घर काय पळून जात नाय, मी हाय वाडीत." आणि मग ते कुलुपाचं नाटक झालं, ते सांगितलंच.

रिक्षा माहीम सोडून पालघरच्या रस्त्याला लागली तशी काकूंची कळी खुलायला लागली. मला म्हणाल्या, "चुका काय दाखवतंय?"

"इथून तिथे पोचता येत नाही."

"तुमच्याकडे शेळ्या हायत?"

आता ह्यांना शेळ्यांचं काय पडलंय! "चार आहेत."

"खुंट्याला बांधता ना? दावं किती?"

"असेल दहा हात."

"मंग शेळी किती लांबचं खाते?"

"दहा हातांपर्यंतचं."

"झालं की!" त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "तुजा रजिस्टर म्हणजे खुंटा. मेमरीची घरं म्हणजे रान. यंत्राच्या हुकमात अंतर लिवायला जागाच एवढीशी ठेवली हाय, की शून्यापासून चार हजार पंचाण्णवपर्यंतचाच आकडा मावतो. म्हणजे दावं तेवढंच. त्याच्या पलीकडे एक जरी घर असलं, तरी शेळीचं तोंड पोचत नाय. मंग काय करशील?"

"दुसरा खुंटा ठोकीन."

"मी पण तेच केलं! पयला खुंटा माहीम, दुसरा केळवे. तू चाळीस शहरं घातलीस, रान केळव्याच्या दाव्याच्या भाईर गेलं. तुला तिसरा खुंटा पायजे."

प्रदीपनं आरशातून मागे बघितलं. शेळ्या, खुंटे आणि विमानं ह्यांचा मेळ त्याला लागत नसावा. मला मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा सगळं स्वच्छ दिसत होतं. पुस्तकातलं जे पान मी सहा वेळा वाचून सोडलं होतं ते ह्या बाईनं पालघर यायच्या आत डोक्यात घातलं. मला इतका आनंद झाला की मी प्रदीपला उगाचच म्हटलं, "दादा, जरा जोरात!"

ऑफिसात मितेश सरांनी काकूंना स्वतःची खुर्ची दिली. काकूंनी चष्मा लावला. मी माझी कॉपी उघडली. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी नुसता आनंद केला. "हे बघ, हा दहा नंबरचा रजिस्टर! मी मुद्दाम मोकळा ठेवला होता, कधी तिसरा खुंटा लागला तर म्हणून. कुणी हात नाय लावला त्याला!" असं म्हणत म्हणत त्या सुरुवातीकडे सरकल्या. माहीमच्या जागी आल्या. आणि हात तोंडावर गेला.

"नाय," त्या म्हणाल्या. "नाय ना रे देवा."

"काय झालं?"

"ओळ नाय. इथेच नव्हती तेव्हा. आजून पण नाय." त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "माहीमपासून चार हजार शहाण्णवाव्या घरावर केळव्याचा खुंटा ठोकायचा. पण दावं तिथवर पुरत नाय, एक घर कमी पडतं. म्हणून आधी चार हजार पंचाण्णव मिळवायचे, मंग एक. दोन पावलांत जायचं. दुसरं पाऊल नाय टाकलं तर खुंटा एक घर अलीकडे. मंग यादी एक अक्षर आधीपासून वाचली जाते. हरेक शहराच्या नावाला मागच्या शहराचं शेपूट. नाव जुळत नाय, बॅग बेवारस." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे खरंच माज्या हातून सुटली होती."

माझे कान तापले.

"काकू," मी म्हटलं, "ती ओळ मी काढली. काल."

"तू?"

"मला वाटलं, उगाच आहे. एकानं काय बिघडतंय, असं वाटलं."

मितेश सरांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. काकू मात्र रागावल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. आणि त्या बघण्यातच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी माउस हिसकावलाच म्हणा ना.

"मी काढली ना? मी शहाणी समजते स्वतःला, आणि मला ती ओळ फालतू वाटली. मग त्या वेळी आणखी कुणाला तसंच वाटलं असेल तर? तुम्ही लिहिलेली असेल आणि कुणीतरी नीटनेटकं करायला म्हणून उडवली असेल तर?"

"कसं कळणार ते?" सर म्हणाले.

"मूळ बघूया तरी!" मी मूळ प्रोग्रॅम उघडला. तिथे ती ओळ होती. चार हजार पंचाण्णव, खाली एक. बाजूला बारीक शेरा, काल उडवताना मी न वाचलेला: दुरुस्ती, डिसेंबर ९१. म्हणजे बॅगांच्या घोटाळ्यानंतर घातलेली. माझा चेहरा पडला. ह्यानं काय सिद्ध होणार? ती आधी नव्हती एवढंच.

काकू पुढे झुकल्या. "उजवीकडे सरकव," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "आणखी उजवीकडे. नंबर दाखव."

असेंब्लीच्या प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एक नंबर असतो. पूर्वी प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहायचे, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून ती पद्धत पडली. हल्ली तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

"मी काम देताना शेवटच्या दिवशी सगळ्या ओळींना नव्यानं नंबर द्यायची," काकू म्हणाल्या. "दहा, वीस, तीस. दहादहाच्या टप्प्यानं, मधे कुणाला ओळ घालायची तर जागा असावी म्हणून. मी पाचाचा आकडा कधी टाकत नाय. वाच."

मी वाचायला लागले. चार हजार पंचाण्णवच्या ओळीचा नंबर दोनशे साठ. तिच्या खालची, एक मिळवणारी, दोनशे पासष्ट.

"पासष्ट," काकू म्हणाल्या. "ही दुरुस्तीवाल्याची. पुढची?"

"दोनशे ऐंशी."

सर पडद्याकडे वाकले.

"सत्तर?" काकू म्हणाल्या. "दोनशे सत्तर कुठे हाय?"

"नाहीये."

"नीट बघ."

"काकू, नाहीये! साठ, पासष्ट, ऐंशी. सत्तर नाहीये!" मी ओरडत होते. "तुम्ही ओळ लिहिलीच नसती तर साठच्या खाली तुमचीच पुढची ओळ सत्तर असती. ती ऐंशी आहे! मधे एक ओळ होती, काकू! होती!"

काकूंनी लगेच मान्य केलं असं नाही. गणिताची बाई ती. म्हणाल्या, आणखी कुठे कुठे असे दहाचे आकडे गळले असतील, मग ह्या एकाला काय अर्थ? सगळा प्रोग्रॅम वाच. सगळ्या मिळून नऊशेच्या वर ओळी. मी वाचायला बसले, सर एका कागदावर रेघा ओढत बसले आणि काकू डोळे मिटून ऐकत होत्या. दहा, वीस, तीस. कुठे पंधरा सापडे, कुठे बेचाळीस, त्या नंतर लोकांनी घातलेल्या ओळी. पण दहाचा टप्पा कुठे चुकत नव्हता. पाचशे, हजार, तीन हजार. माझा घसा बसला. सरांनी पाणी दिलं आणि पुढचं स्वतः वाचायला लागले. चहा आला आणि गार झाला. शेवटची ओळ, नंबर नऊ हजार एकशे वीस. तेवढ्या सगळ्या प्रोग्रॅमात दहाचा एकच आकडा गायब होता. दोनशे सत्तर.

"त्या झेरॉक्सवर हे नंबर नव्हते?" सरांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. "उजवी कड कापली गेली होती. पान मोठं, मशीन छोटं." आणि मग एकदम दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "मी लिवली होती गो! हेतल, मी लिवली होती!"

त्या रडत होत्या आणि हसत होत्या, मीही रडत होते. मितेश सर उगाचच खिडकी उघडायला गेले, खिडकी उघडीच होती. मला आयुष्यात परीक्षेच्या निकालाचासुद्धा एवढा आनंद झालेला नाही, खोटं नाही सांगत.

"कोणी उडवली असेल?" मी विचारलं. मला त्या माणसाला धरून बडवायचं होतं.

काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "असेल तुज्यासारखंच कोणी शहाणं. मला नाव कशाला पायजे?" मग फोन मागितला, काकांना लावला आणि पलीकडून हॅलो म्हणायच्या आत म्हणाल्या, "अवो, ओळ होती! माजी ओळ होती!" काकांचं ओरडणं मला चार हातांवरून ऐकू आलं.

त्यानंतर तिसरा खुंटा ठोकायला पाऊण तास लागला. काकूंनी कीबोर्डला हात लावला नाही, माझ्याकडूनच लिहून घेतलं. आधी मी उडवलेली ओळ जागेवर. मग केळव्यापासून पुढे चार हजार पंचाण्णव, मग एक, मोकळा ठेवलेला दहा नंबरचा रजिस्टर, आणि तो आता कुठल्या रानाला लावलाय ते यंत्राला सांगणारी ओळ. तिसऱ्या जागेला नाव हवं होतं. मला वाटलं, किनाऱ्यानं खाली जात पुढचं गाव, एडवण, ठेवतील. काकू म्हणाल्या, "ठोकलास तू. तुजं गाव कुठलं?"

मी नागझरी लिहिलं. बटण दाबलं. सतरा चुकांच्या जागी शून्य आलं. टपरीवाल्यानं पुन्हा विचारलं, "अब क्या हुआ?" आणि ह्या खेपेला सरांनीच खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "सबको चाय!"

गुरुवारी आम्ही खोटा बर्फ पाडला. म्हणजे चाचणीत एकेक विमानतळ बंद केला आणि बॅगा वळवून बघितल्या. एकही बेवारस झाली नाही. सरांनी मुंबईला सगळी हकिगत लिहून कळवली, दोनशे सत्तरसकट, आणि प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक ओळ वाढवायची परवानगी मागितली: मूळ ओळ २७० लेखिकेनं लिहिली होती, नंतर गळली. तासाभरात होकार आला. ती ओळ मी टाइप केली आणि तीनदा वाचून बघितली.

शुक्रवारी प्रोग्रॅम द्यायच्या वेळी काकूंनी समोर असावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून सकाळी मी पुन्हा केळव्याला गेले. काका वाडीत मागे पाट वळवत होते. प्रदीपनं फाटकाशी रिक्षा लावली, इंजिन बंद केलं आणि मोबाइल काढून आरामात मागे रेलला. त्याला आता सवय झाली होती.

काकू नवी साडी नेसून बाहेर आल्या. दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. पायऱ्या उतरल्या. अंगण ओलांडलं. फाटकाशी आल्या आणि मी आपोआप बाजूला सरले, परत जायला वाट म्हणून.

त्या रिक्षात जाऊन बसल्या.

"काकू," मी म्हटलं, "कुलूप?"

"लावलंय की," त्या म्हणाल्या, आणि प्रदीपच्या खांद्यावर टिचकी मारली. "चल रे, बघतोस काय? उशीर होतो."